कोश उघडायचा की पान उलटायचं?

शब्दखुळा:
काल वाचता वाचता 'पाचावर धारण बसली' पुढ्यात आलं. घाबरगुंडी उडाली, हा अर्थ पाठच आहे. पण ही धारण कोण, हे इतक्या वर्षांत मनातही आलं नव्हतं. कोश काढला. धारण म्हणजे धान्याचा चालू भाव! मग ऐकलेलं आठवलं: रुपयाला जेमतेम पाच शेर धान्य मिळायला लागलं, की माणसाच्या पोटात गोळा येई. आधी हसू आलं, मग जरा गप्पच झालो. पुस्तक अर्धा तास उपडं पडलेलं. माझ्या मते असं काही दिसलं की थांबायलाच हवं.

रोखठोक:
मुळीच नाही! गोष्ट ऐन रंगात आणि तुम्ही कोश चाळत बसणार? लहानपणी निम्मे शब्द कळत नव्हते, तरी पुस्तकं फस्त केलीच ना? चार ठिकाणी भेटला की शब्द आपसूक कळतो. बाकी सगळं नसतं सव्यापसव्य.

शब्दखुळा:
सापडलात! श्राद्धात जानवं या खांद्यावरून त्या खांद्यावर करतात, ते सव्य-अपसव्य.

रोखठोक:
हे मला ठाऊक नव्हतं. तरी शब्द नेमका बसला की नाही?

आडवाट:
(हा टोला बरा होता.) पण पाच शेरांचं जरा जपून. धारण म्हणजे भाव, इथवर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीचा आधार आहे. म्हणींमागच्या कहाण्या मात्र पुष्कळदा मागाहून रचलेल्या असतात. आणि कोशात गवसलेलं लगेच स्वतःच्या लेखात कोंबू नका. खोगिरात चिंध्या कोंबतात तशी ती खोगीरभरती होते.

तिरपी_रेघ:
सगळे मजेचंच बोलताय. त्याच कोशांत जातींवरच्या, विधवांवरच्या म्हणीही आहेत. त्या वाचताना माझं तोंड कडू होतं. काढून टाका असं नाही म्हणत. लोक काय बोलत होते ते दिसू दे. पण 'जुनं ते सोनं' म्हणत मिरवू नका.

शब्दखुळा:
मान्य. मिरवणं बंद. वहीत पाच शेरांपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्हही टाकलं.

रोखठोक:
ते राहू द्या. पुस्तक पुढे सरकलं का?

शब्दखुळा:
नाही अजून. 'धारण'च्या जवळच 'धारकरी' दिसला, तिकडे वळलो.