मुक्तिनाथचं विमान: चुकलं वैमानिकाचं की उडू देणाऱ्यांचं?

गंडकीकाठ:
२९ मे २०२२ ला नेपाळात पोखराहून जोमसोमला, म्हणजे मुक्तिनाथच्या वाटेवरच्या विमानतळाकडे, निघालेलं तारा एअरचं ट्विन ऑटर हे छोटं विमान मुस्तांग जिल्ह्यात सुमारे १४,५०० फुटांवर डोंगराला धडकलं. विमानातले बावीसही जण गेले. त्यात आपल्या ठाण्याचं चौघांचं कुटुंब होतं. चौकशी अहवाल सांगतो की विमान ढगात शिरलं, वैमानिकांना मार्ग राखता आला नाही आणि डोंगर जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा बंद होती. बंद! जीव वाचवायला बसवलेलं यंत्र बंद ठेवून हिमालयात जायचं, याला माझ्या लेखी क्षमा नाही. त्यात विमान १९७९ सालचं. आईबाबांना मुक्तिनाथला न्यायचंय, पण मी जीपनेच नेणार.

उंचसखल:
पूर्ण असहमत. एका अंगाला ८,१६७ मीटरचा धौलागिरी, दुसऱ्या अंगाला ८,०९१ मीटरची अन्नपूर्णा, आणि हे छोटं विमान काली गंडकीच्या दरीतून जातं. तिथे लख्ख ऊन असतानाही दोन्हीकडचे कडे जवळच असतात, त्यामुळे ते यंत्र उगीचच ओरडत राहतं. रोज खोटं ओरडणारं यंत्र माणूस बंद करणारच. दरीत चालेल अशी सोय न देता सगळा दोष मेलेल्या वैमानिकाच्या माथी मारणं मला पटत नाही.
जुन्या विमानाचं म्हणाल, तर २४ फेब्रुवारी २०१६ ला याच कंपनीचं, याच मार्गावरचं ट्विन ऑटर पडलं आणि २३ जण गेले. ते विमान जेमतेम काही महिन्यांचं होतं.

गंडकीकाठ:
वयाचा मुद्दा मागे घेतो. पण २०१६ लाही विमान ढगातच शिरलं होतं ना? हे उड्डाण डोळ्यांनी बघून करायचं असतं. समोर पांढरं दिसलं की मागे फिरायचं. यंत्र बंद असेल तर दुप्पट लवकर फिरायचं.

पहाटवारा:
अरुंद दरीत मागे फिरणं बोलण्याइतकं सोपं नसतं. शिवाय जोमसोमला सकाळ सरली की दरीतून सोसाट्याचा वारा सुटतो, म्हणून विमानं सकाळीच उरकतात. म्हणजे ढग हटायची वाट बघावी तर वारा येतो. हे विमान ९:५५ ला उडालं. त्या वेळी वैमानिकावर किती दडपण असेल, याचा विचार करा. "आज नाही" हे त्याच्या एकट्याच्या हिमतीवर का सोडायचं? संपूर्ण मार्गाच्या हवामानाचा अंदाज अनुकूल असल्याशिवाय परवानगी नाही, हा नियम अपघातानंतर आला. तो आधी का नव्हता? तिथलं नागरी उड्डाण प्राधिकरण विमानतळही चालवतं आणि नियमही तेच राबवतं. स्वतःचीच तपासणी कोण कडक करेल?

उंचसखल:
नेमकं हेच. युरोपीय संघाने डिसेंबर २०१३ मध्ये नेपाळच्या सगळ्या विमान कंपन्यांवर बंदी घातली, एकट्यादुकट्या वैमानिकावर नाही.
आणि गंडकीकाठ, जीपचा रस्ता निर्धोक समजू नका. पावसाळ्यात वाटेतल्या बेनी गावाच्या पुढे दरडी कोसळतात.

गंडकीकाठ:
पावसाळा टाळूनच जाणार. प्राधिकरणाबद्दल तुम्हा दोघांचं पटतं. तरीही ढगात शिरायचं की नाही, हे शेवटी सुकाणू ज्याच्या हातात आहे तोच ठरवतो. त्या चौघांनी त्याच्याच भरवशावर पट्टे बांधले होते. यावर माझं मत बदललेलं नाही.