मदत हवी आहे: शाळा व्यवस्थापन समितीत नवीन आहे, कोरं इतिवृत्त सहीला येतंय

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर यंदा पालक म्हणून माझी निवड झाली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ वाचलंय: किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. कागदावर आमच्याकडेही सगळं तसंच आहे. प्रत्यक्षात चौथीतला एक पोरगा रजिस्टर घेऊन दारात येतो, "काकू, गुरुजींनी सही सांगितलीय." वर ठरावाची जागा कोरी! शेजारच्या वहिनी भाकरी थापता थापता उठून सही करून मोकळ्या होतात.

मी अजून केलेली नाही. गुरुजी माणूस चांगला आहे, शाळेत दोनच शिक्षक, त्यात ऑनलाइन माहिती भरायचा ताप. भांडण नकोच आहे.

कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा समितीनंच करायचा असतो ना? कुणी खरोखर बसून केलाय का, सुरुवात कुठून केलीत? आमची निकड मुलींच्या स्वच्छतागृहातल्या पाण्याची. टाकी आहे, नळ कोरडा. हे आराखड्यात घालू की ग्रामपंचायतीकडे वेगळा अर्ज देऊ? आणि जुनी इतिवृत्तं सदस्याला नुसती मागून बघायला मिळतात, की त्यासाठीही माहिती अधिकारच टाकावा लागतो? केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) इतक्यात मध्ये घ्यावं का, तेही सांगा.