मदत हवी आहे: वितरक बदलताना जुना आयएसआरसी आणि पखवाजाचा लूप

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या भजनी मंडळाचे आठ अभंग जुन्या वितरकाकडून (स्पॉटिफाय, यूट्यूबसारख्या ठिकाणी गाणी पोचवणारी कंपनी) नव्याकडे न्यायचेत. शब्द तुकोबांचे, चाली पारंपरिक, ध्वनिमुद्रणाचा हक्क मंडळाचा.

आयएसआरसी (प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक) जुनेच द्यायचे, मास्टर (अंतिम मुद्रणाची फाइल) आणि लांबी तीच, नवं दिसू लागल्यावरच जुनं उतरवायचं. नाहीतर प्लेचा आकडा शून्यावर. स्पॉटिफाय २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १००० प्ले न झालेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी देत नाही, म्हणून ही काळजी. इथवर ठीक.

घोडं अडलंय यूट्यूबवर. दोन अभंगांत रेडीमेड पखवाज लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा विकतचा तयार तुकडा) आहे. तोच लूप वापरून दुसऱ्या कुणीतरी आपलं गाणं कंटेंट आयडीत (जुळणारा आवाज शोधून हक्काचा दावा लावणारी यूट्यूबची यंत्रणा) नोंदवलंय आणि दावा मंडळावर! सगळ्यांना विकला जाणारा लूप असलेलं गाणं तिथं टाकायचंच नसतं, पण वितरक तपासतात कुठे?

लूपचा परवाना दाखवून हरकत घ्यावी, की बेळगावात पखवाज नव्यानं वाजवून घ्यावा? नवं मुद्रण म्हणजे नवा आयएसआरसी, जुने प्ले गेले. शिवाय पारंपरिक चालीच्या संगीत-संयोजनाची आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) नोंद कुणी केलीय का? कागद काय लागले?