इंग्रजी स्वतःच शिकतोय, पण अडकलोय. मदत हवी आहे

अडलेला
नमस्कार मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. क्लास न लावता इंग्रजी शिकतोय. व्याकरणाचं पुस्तक पूर्ण झालं, अ‍ॅपवरचे धडे संपत आले, शब्दांच्या याद्या पाठ आहेत. तरी ऐन वेळी सगळं बंद पडतं. समोरचा बोलतो आणि मी नुसता बघत बसतो. नेमकं काय करू? 'रोज पेपर वाचा' आणि 'आत्मविश्वास ठेवा' हे दोन्ही नको, करून झालंय. क्लासची नावंही नकोत. जरा लवकर सांगा, वेळ कमी आहे.

रविवारचा वाचक
वेळ कशासाठी कमी आहे? परीक्षा, मुलाखत की आणखी काही? आणि 'बंद पडतं' म्हणजे तुम्हाला बोलता येत नाही, की समोरच्याचं कळत नाही?

बोलघेवडी
आरशासमोर उभं राहून रोज बोला. काहीही बोला, काल काय झालं, उद्या काय करणार. मनातल्या मनात मराठीतून भाषांतर करणं आधी थांबवा, विचारच इंग्रजीतून करा. माझी भीड अशीच गेली. चुकलं तर चुकलं, हाकानाका.

जुना खडू
'व्याकरणाचं पुस्तक पूर्ण झालं' असं सगळेच म्हणतात. 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' यात काय चुकलंय, पटकन सांगा बरं. 'आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स' हे तर मी भल्याभल्यांच्या तोंडी ऐकलंय. रोज दहा मराठी वाक्यं घ्या, इंग्रजीत लिहा आणि कोणाकडून तरी तपासून घ्या. पाया पक्का झाला की तोंड आपोआप उघडतं.

खडाजंगी
सर, व्याकरण घोटून तोंड उघडत असतं तर या धाग्याची गरजच पडली नसती. भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन कधीपासून सांगतायत की भाषा अंगात मुरते ती समजेल असं भरपूर ऐकून आणि वाचून. नियम पाठ केले की माणूस बोलताना स्वतःलाच तपासत बसतो. मुलं मातृभाषा काय व्याकरण शिकून बोलतात?

जुना खडू
मुलाशी दिवसभर बोलायला घरभर माणसं असतात, धागाकर्त्याशी कोण बोलणार? आणि क्रॅशन यांचं नाव घेतलंत तर मेरिल स्वेन यांचंही घ्या. कॅनडात फ्रेंचमधून शिकणारी इंग्रजी घरांतली मुलं त्यांनी पाहिली. वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून त्यांना समजायचं उत्तम, पण बोलण्या-लिहिण्यात चुका तशाच. म्हणूनच १९८५ मध्ये त्यांनी मांडलं की नुसतं ऐकून भागत नाही, स्वतः वाक्य रचायला लागलं पाहिजे.

खडाजंगी
म्हणजे 'समजायचं उत्तम' हे तुम्हीच कबूल केलंत. धागाकर्त्याला तेच जमत नसेल तर?

परीक्षार्थी
आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देणार असाल तर माझ्याकडे सगळी माहिती आहे. लिसनिंगला ४० प्रश्न असतात, रेकॉर्डिंग साधारण ३० मिनिटांचं आणि एकदाच ऐकवतात. निकाल दोन वर्षं चालतो. स्पेलिंग चुकलं तर गुण जातो, त्यामुळे ते सांभाळा.

अडलेला
आयईएलटीएस नाही हो! ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंग आहेत, त्यात परदेशी टीम असते. मला जे सांगायचंय ते आधी लिहून ठेवतो, ते व्यवस्थित बोलतो. मग ते प्रश्न विचारतात आणि तिथे गोची होते. दोनदा 'सॉरी?' म्हटलं की तिसऱ्यांदा लाज वाटते. पुढच्या महिन्यापासून मीटिंग मीच चालवायची आहे.

रविवारचा वाचक
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतंत की. इतके प्रतिसाद बोलण्यावर खर्च झाले, आणि तुमचं बोलणं तर ठीक आहे.

बोलघेवडी
माझा सल्ला वाया गेला असं मी मानत नाही :) बोलायची सवय असेल तर ऐकायलाही सोपं जातं.

कानसेन
मला वाटतं तुमची अडचण फक्त कानाची आहे. आधी खात्री करू. प्रतिलिपी (म्हणजे बोललेलं शब्दशः लिहिलेलं) उपलब्ध असलेलं, खऱ्या गप्पांचं एखादं मिनिटाचं रेकॉर्डिंग घ्या. बातम्या नकोत, मुलाखत चालेल. प्रतिलिपी न बघता जे ऐकू येईल ते शब्दशः लिहा. हवं तितक्या वेळा मागे न्या. मग ताडून बघा आणि चुकलेल्या जागांचे दोन ढीग करा. एकात मुळात माहीतच नसलेले शब्द. दुसऱ्यात छापलेले दिसले असते तर ओळखले असते, पण कानाला कळले नाहीत असे. कुठला ढीग मोठा, ते इथे येऊन सांगा.

खडाजंगी
वेग ०.७५ करून ऐका, सोपं जाईल.

कानसेन
चाचणीसाठी नको. यंत्राने वेग कमी केला की आवाज ताणला जातो, पण एकमेकांत मिसळलेले शब्द सुटे होत नाहीत. व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओने १९५९ मध्ये शिकणाऱ्यांसाठी स्पेशल इंग्लिश नावाचे कार्यक्रम सुरू केले, त्यात निवेदकच सावकाश वाचायचे. शब्दसाठा साधारण १५०० शब्दांचा, वाक्यं छोटी. अगदी सुरुवातीला ते उत्तम. पण धागाकर्ते त्या पायरीच्या पुढे आहेत.

अडलेला
केलं. नवे शब्द फारच थोडे निघाले, जवळपास सगळा ढीग दुसराच. 'शुड हॅव बीन' असं होतं, मी 'शुडा बिन' लिहून ठेवलं होतं आणि त्याचा अर्थ काही केल्या लागेना. 'वॉट आर यू गोइंग टू डू'चं तर 'वॉच्या गना डू' झालेलं. हे लोक शब्द खातात का?

कानसेन
खातात, पण त्याला पद्धत आहे. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला (म्हणजे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याला) जवळपास सारखा वेळ देतो. इंग्रजीत जोर पडलेलं अक्षर उभं राहतं आणि बाकीची आक्रसतात. आक्रसलेला स्वर बहुतेक वेळा एकच असतो, 'अबाउट'मधला पहिला अस्पष्ट 'अ'. टू, ऑफ, फॉर, अँड, हॅव, कॅन हे सगळे वाक्यात सापडले की 'ट', 'अव्ह', 'फ', 'अन', 'अव्ह', 'कन' होतात. ऑफ आणि हॅव एकच वाटतात म्हणून घाबरू नका, तसेच ऐकू येतात, आजूबाजूच्या शब्दांवरून ओळखायचे.

मीटिंगमध्ये सगळ्यात घात करणारी जोडी 'कॅन' आणि 'कान्ट'. अमेरिकन माणूस 'वी कन डू इट' म्हणतो तेव्हा होकार असतो. नकारात तो 'वी कॅन्ट डू इट' म्हणतो आणि शेवटचा ट बहुतेक ऐकूच येत नाही. म्हणजे स्वच्छ, ठसठशीत 'कॅन' कानावर आलं तर बरेचदा तो नकार असतो! ट शोधू नका, स्वर ऐका.

वहीवाला
माझी पद्धत सांगतो. प्रत्येक नवा शब्द वहीत, पुढे देवनागरीत उच्चार. आपली लिपी जसं ऐकू येतं तसं लिहिणारी, तिचा फायदा का घेऊ नये? माझ्याकडे अशा वह्यांचा गठ्ठा आहे.

कानसेन
नेमकं तिथेच बिघडतं. 'कम्फर्टेबल' असं लिहून पाठ केलंत की कान तीच चार अक्षरं शोधत बसतो, आणि समोरचा बहुतेक वेळा तीनच अक्षरांत 'कम्फ्टबल' म्हणून मोकळा होतो. शिवाय 'वेट' (ओला) आणि 'व्हेट' (जनावरांचा डॉक्टर) मधला फरक आपण लिपीत दाखवला तरी तोंडाने दोन्ही सारखेच म्हणतो. उच्चार वहीत लिहू नका, ऑनलाइन शब्दकोशात ऐका.

वहीवाला
मग इतकी वर्षं माझं काम अडलं नाही ते कसं? आणि तुम्ही स्वतः वर 'कन' आणि 'अव्ह' देवनागरीतच लिहिलंत.

जुना खडू
:D हे मात्र बरोबर पकडलंत.

पत्तेवाला
कार्डांचं अ‍ॅप वापरा, अंकी. मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्येच दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरलं जातं. कार्ड विसरायच्या बेतात असताना समोर आलं की पक्कं बसतं.

कानसेन
अनुमोदन, पण धागाकर्त्यासाठी एक बदल करा. कार्डाच्या पुढच्या बाजूला लिखित शब्द नको, फक्त आवाज. तोही सुट्या शब्दाचा नको, अख्ख्या वाक्याचा. मागच्या बाजूला ते वाक्य लिहिलेलं. चाचणीत जी वाक्यं चुकली तीच आधी भरा.

अडलेला
हे सगळं करतो. पण ते मुरायला वेळ लागणार ना? सोमवारी मीटिंग आहे, तोपर्यंत काय?

रविवारचा वाचक
'सॉरी?' म्हणणं सोडा. ते ऐकून समोरचा तेच वाक्य त्याच वेगात पुन्हा म्हणतो. जितकं कळलं तितकं तुम्ही बोलून दाखवा आणि राहिलेलंच विचारा: 'यू वॉन्ट द रिपोर्ट बाय व्हेन?' मग तो एकच तुकडा सावकाश सांगतो. आकडे तर कायम उलट विचारून घ्यायचे. 'थर्टीन'मध्ये जोर बहुधा शेवटी, 'थर्टी'मध्ये सुरुवातीला, आणि अमेरिकन माणसाचा 'थर्टी' तर 'थर्डी'सारखा ऐकू येतो. शंका आली की 'वन थ्री ऑर थ्री झीरो?' विचारून मोकळं व्हायचं. त्यांची त्यांच्यातही अशीच विचारपूस चालते, त्यात लाज कसली?

आणि मीटिंग तुम्हीच चालवणार आहात ना? मग विषयपत्रिका आधी पाठवा आणि प्रश्न चॅटमध्ये लिहायला सांगा.

परीक्षार्थी
आयईएलटीएसमध्येही आकडे असेच फसवतात, म्हणून म्हणत होतो.

अडलेला
विषयपत्रिकेचं पटलं, आजच पाठवतो. एक राहिलं. टीममधला एक जण स्कॉटलंडचा आहे, त्याचं तर अक्षरही कळत नाही. सोमवारी नेमका तोच जास्त बोलणार.

कानसेन
हे आत्ता सांगताय! :) त्यांचा 'र' ठळक असतो, तो आपल्याला उलट सोपा जातो. ऱ्हस्व-दीर्घावर मात्र विसंबू नका, बऱ्याच स्कॉटिश लोकांच्या तोंडी 'पुल' आणि 'पूल' एकच असतात. मीटिंगची जुनी रेकॉर्डिंग मिळत असतील तर त्याचा भाग तेवढा काढा आणि सोमवारपर्यंत दुसरं काहीच ऐकू नका.