आईच्या हाताला मुंग्या, कार्पल टनेल निघालं, ऑपरेशन करावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही परभणीकडचे. आई ५२ वर्षाची, शिलाई मशीन चालवती अन् रोजच्या ज्वारीच्या भाकरी पण तीच थापती. चार महिन्यापासून उजवा अंगठा, शेजारची दोन बोटं अन् अनामिकेची अर्धी बाजू बधिर पडायलीय, करंगळीला मात्र काहीच नाही. रात्री दोन-तीनला उठून हात झटकत बसती, बघवत नाही. परवा दोरा ओवताना सुईच गळून पडली, बोटाला कळलंच नाही म्हणली.

आधी एका ठिकाणी मानेचा त्रास म्हणून दोन महिने गोळ्या दिल्या, तेवढा वेळ वायाच गेला. मग एनसीव्ही (नसांतून करंट किती वेगानं जातो ती तपासणी) केली, मनगटात मीडियन नस (अंगठ्याकडच्या बोटांना जाणारी) दबलीय म्हणे, यालाच कार्पल टनेल म्हणतात. आता रात्री मनगट सरळ ठेवायचा पट्टा बांधतो, शुगर-थायरॉईडचा रिपोर्ट यायचाय. फरक नाही पडला तर स्टिरॉईडचं इंजेक्शन नाहीतर ऑपरेशन, अन् अंगठ्याच्या बुडाचं मांस वाळायला लागलं तर थांबू नका असं डॉक्टर म्हणलेत, मी रोज तिचे दोन्ही तळहात शेजारी शेजारी धरून बघतो.

पट्ट्यानं कुणाला किती दिवसात फरक पडला? ऑपरेशन झालेल्यांनी सांगा, भाकरी थापायला, कात्री धरायला हात परत कधी आला? नांदेड-संभाजीनगरकडं चांगले हाताचे सर्जन माहीत असतील तर प्लीज कळवा, आई लई घाबरलीय.