हेराल्ड विकू की उभी करू? (आणि ‘हत्ती’ म्हणणाऱ्या हिशेबनीसांना उत्तर)

सुरसागरकाठी

सोमवारी इथे चार ओळींत साधा प्रश्न टाकला होता. १९६९ ची स्टँडर्ड हेराल्ड, चार दारांची, बाबांनी नवी घेतलेली. ऑगस्ट २०२४ च्या बडोद्याच्या पुरात डॅशबोर्डापर्यंत पाण्यात होती, तेव्हापासून जागची हललेली नाही. अहमदाबादचा एक जण आहे त्या स्थितीत १ लाख ८० हजार देतोय. गॅरेजवाला उभी करायला २ लाख ६० हजार आणि सहा महिने सांगतोय. काय करावं?

त्यावर हिशेबनीस लिहितात, “दारात हत्ती पोसताय. १ लाख ८० घ्या, सीएनजी गाडीचं डाऊन पेमेंट करा. बाबांचा फोटो भिंतीवर आहेच ना?” खाली अकरा अंगठे.

शेवटचं वाक्य नसतं तर गप्प बसलो असतो. आता ऐका.

बाबा अलेम्बिक या औषध कंपनीत होते. फियाटला नंबर लागेना म्हणून हेराल्ड घेतली, आणि मग जन्मभर फियाटवाल्यांना हिणवलं. कारण एकच, गाडी वळायची कशी! २५ फुटांत पूर्ण वळसा. रावपुऱ्यात मागेपुढे न करता एका दमात उलटी फिरवायचे आणि मग आमच्याकडे बघायचे. बॉनेट पुढच्या बाजूला अख्खं उघडतं, मडगार्डांसकट, त्यामुळे पुढच्या चाकावर बसून इंजिनाचं काम करता येतं. मी आठवीत असताना त्या चाकावर बसून पॉइंट साफ करायला शिकलो.

आमच्या गल्लीत गाडीला जागा नाही म्हणून ती कारेलीबागेत बहिणीकडे असायची. विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा बहीण वरच्या मजल्यावर आणि हेराल्ड खाली. पाणी उतरल्यावर गेलो. सीटवर चार बोटं गाळ. तात्पुरती बॅटरी लावून हॉर्न दाबला तर आवाज नाही, पण हॉर्न काढून उलटा केल्यावर पाव वाटी पाणी आणि एक गोगलगाय निघाली. मी तिथेच गाळात बसून हसलो आणि मग रडलोही, हे हिशेबनीसांना मजेशीर वाटेल.

तर प्रश्न अजून तोच आहे. फक्त भिंतीवरच्या फोटोचं मला कोणी सांगू नये.

हिशेबनीस

फोटोचं वाक्य मागे घेतो. हत्ती मागे घेत नाही.

गॅरेजवाल्याचा २ लाख ६० हा आकडा म्हणजे लग्नाच्या हॉलवाल्याने सांगितलेलं भाडं. वर लाइट, जनरेटर, सफाई वेगळी. ३ लाख ७५ धरा. पासिंग, म्हणजे आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण, दर ५ वर्षांनी. १ एप्रिल २०२२ ला नूतनीकरणाची फी ६०० ची ५,००० झाली, आता २० वर्षांवरच्या गाडीला १०,०००. एवढं करून गाडीची किंमत किती? हौशी माणूस भेटला तर खर्च निघेल, नाही भेटला तर अहमदाबादवालाही तोवर गेलेला असेल.

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या हिरवळीवर जुन्या गाड्यांचं ते मोठं प्रदर्शन भरलं होतं. मी पाहून आलो. लोक राजेरजवाड्यांच्या गाड्यांभोवती उभे होते. हेराल्ड ही कारकुनाची गाडी. राग मानू नका, माझे वडीलही कारकूनच होते.

मांजलपूर मुक्काम

पण १५ वर्षांनंतर पेट्रोल गाडी भंगारात द्यावीच लागते ना? माझ्या साडूची गेली.

९० नंबर ऑईल

साडू दिल्लीकडे असतील. १० वर्षं डिझेल, १५ वर्षं पेट्रोल ही भानगड दिल्ली आणि आसपासची. बडोद्यात फिटनेस पास झाली की चालते. दर वेळी हेच काय सांगायचं.

सुरसागरकाठी, माझं ऐका. मी चाळीस वर्षं गाड्यांखाली काढली, आता गुडघे साथ देत नाहीत. इंजिनाची काळजी करू नका. ९४८ सीसीचं ते इंजिन गाढवासारखं आहे, मार खातं आणि चालतं. तुमची भीती पुढच्या चाकांत आहे. हेराल्डचं पुढचं चाक ज्या उभ्या दांड्यावर असतं त्याचं खालचं टोक आट्यांनी एका पितळी तुकड्यात बसवलेलं असतं. तोच ट्रनियन. स्टिअरिंग फिरवलं की अख्खं चाक त्या आट्यांवर फिरतं. त्यात ९० नंबरचं ऑईल घालायचं असतं. ऑईल! ग्रीस नव्हे! आपल्याकडे प्रत्येक पोऱ्या ग्रीसगन घेऊन निप्पल दिसेल तिथे टोचतो. ग्रीस आट्यांपर्यंत जात नाही, वरच सुकतं, आत पाणी शिरतं, दांडा आतून गंजतो. बाहेरून काही दिसत नाही. मग एक दिवस पार्किंगमधून गाडी काढताना पूर्ण वळण घेतलंत की चाक आडवं. मी असं दोनदा पाहिलंय. एकदा पाणीगेटला, आत नवराबायको होती. हळू वेग म्हणून वाचली.

तुमची तर पुरात बुडलेली. विका किंवा ठेवा, पण दोन्ही ट्रनियन उघडल्याशिवाय एक फूटही चालवू नका. तो माल इंग्लंडमधून अजून येतो, तिकडच्या स्पिटफायर गाडीला तोच लागतो. मिळणार नाहीत ती मागची दारं. चार दारांची हेराल्ड फक्त आपल्याकडे मद्रासला झाली, तेव्हा दारं सडली असतील तर पतराकाम करणारा हातच शोधा.

आणि टाकी साफ कराल तेव्हा रबरी पाइप, पंपाचा पडदा सगळं बदला. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलात जुनं रबर फुगून लिबलिबीत होतं.

ऊसवाला जावई

आलं! मी वाटच बघत होतो इथेनॉल कधी येतंय त्याची. गाडी पुरात बुडाली, वर्षभर कुजली, आणि दोष उसाचा.

९० नंबर ऑईल

जावईबापू, उसाला कोण काय म्हणालं? रबराचं बोललो.

ऊसवाला जावई

रबर ६० रुपयांचं. माझ्या सासऱ्यांचं सांगलीकडे सहा एकर ऊस आहे. कारखान्याने पैसे वेळेवर दिले ते इथेनॉल सुरू झाल्यावर. त्याआधी दिवाळीला जावयाला धोतरसुद्धा नव्हतं. २००० साली पेट्रोलमधून शिसं काढलं तेव्हाही हीच रडारड होती, व्हॉल्व्ह बसणार, इंजिनं जाणार. गेली का?

हिशेबनीस

या बाबतीत मी ऑईलकाकांच्या बाजूने. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ताकद साधारण एक तृतीयांश कमी. २० टक्के मिसळलं म्हणजे लिटरमागे ६-७ टक्के कमी. भाव कमी झाला का? ६-७ टक्के माझ्या खिशातून तुमच्या सासऱ्यांच्या दिवाळीला.

ऊसवाला जावई

आखाती शेखांच्या दिवाळीला गेलेले चालतात वाटतं. आणि आता निम्मंअधिक इथेनॉल मक्याचं आणि तांदळाचं असतं, ज्ञान ताजं करा.

९० नंबर ऑईल

मका असो की मोगरा, टाकीत पाणी ओढतं की नाही ते बोला. रोज चालणाऱ्या गाडीला काही होत नाही, हे मान्य. उभ्या गाडीत तेच पेट्रोल चार महिने राहिलं की दमट हवेतली ओल धरतं आणि तळाशी पाण्याचा थर. टाकी आतून तांबडी. गेल्या वर्षी शेजाऱ्याच्या मोपेडच्या कार्बोरेटरमधून मी गाळलेल्या चहासारखं काहीतरी काढलंय.

ऊसवाला जावई

म्हणजे चूक उभी ठेवणाऱ्याची. धन्यवाद.

गेंडीगेटची सून

झालं का तुमचं? हेराल्ड कुठे गेली?

सुरसागरकाठीदादा, विकू की ठेवू यापेक्षा मला एकच विचारायचंय. पुराला वर्ष उलटून गेलं, तुम्ही या काळात काय केलंत? आमच्याकडे सासऱ्यांची फियाट होती. अकरा वर्षं पोर्चमध्ये विटांवर. विकायचा विषय काढला की सासरे जेवायचे नाहीत, दुरुस्तीचा काढला की “बघू, पावसाळा जाऊ दे”. दर दसऱ्याला झेंडूचा हार मी घालायचे, दर शनिवारी खालचा पालापाचोळा मी काढायचे. चिमण्यांनी हेडलाइटच्या मागे घरटं केलं. माझे कपडे वाळवायची जागा गेली ती गेलीच, त्याबद्दल या अकरा अंगठेवाल्यांपैकी कोणी कधी लिहिलेलं मी वाचलं नाही. सासरे गेल्यावर क्रेन आली. पुढून उचलली तर गाडीचा तळ सगळा खाली गळून पडला. ब्रेक आणि क्लचचे पेडल तेवढे हवेत लटकत राहिले. १४ हजार आले. एके काळी तिला दीड लाख देणारा माणूस दारातून परत गेला होता.

सासऱ्यांनी ती विकली नाही आणि जपलीही नाही. तुम्ही तेच करताय आणि वर इथे चर्चा.

सुरसागरकाठी

ताई, लागलं. उत्तर नाही. बहिणीने परवाच विचारलं की तिच्या सुनेच्या स्कूटीला सावलीत जागा कधी मिळणार.

मांजलपूर मुक्काम

व्हिंटेजमध्ये नोंदवा ना. ५० वर्षांवरची आहे. मान मिळेल.

हिशेबनीस

मानाचा भाव २० हजार. नवी नोंदणी १० वर्षांची, २०२१ च्या नियमाने. आणि मग गाडी रोज चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. खंडेराव मार्केटला भाजी आणायला नेलीत तर नियमभंग.

सुरसागरकाठी

मला भाजी आणायलाच न्यायची आहे. प्रदर्शनात दोरीच्या आत उभी करून लोकांनी फोटो काढावेत यासाठी बाबांनी घेतली नव्हती. व्हिंटेज नको. साधं पासिंग, भरू १० हजार.

हिशेबनीस

म्हणजे ठरलंच आहे तुमचं. मग विचारता कशाला? लोकांचा वेळ.

सुरसागरकाठी

तुमचा वेळ मी मागितला नव्हता. तुम्ही हत्ती घेऊन आलात.

ऊसवाला जावई

हत्तीलाही ऊसच लागतो.

९० नंबर ऑईल

भांडू नका. आणखी एक. मोठा खर्च एकदम काढू नका. २ लाख ६० मधला निम्मा रंगाचा असणार, रंग शेवटी. आधी पुढची चाकं, ब्रेक, टाकी, वायरिंग, आणि चासीच्या पोटातला गाळ. हेराल्डला वेगळी चासी आहे, बाजूच्या दांड्या पोकळ असतात, त्यात विश्वामित्री अजून असेल. भोकं शोधून पाण्याचा जोर मारा, हवेने वाळवा, मग जुनं ऑईल ओता. प्रतापनगरला एक मिस्त्री आहेत, चौऱ्याहत्तर वर्षांचे, हेराल्डवर काम केलेले मला माहीत असलेले शेवटचे. हाताखाली पोरगा नाही, नातू मोबाइल दुरुस्त करतो. पत्ता खाजगीत पाठवतो. त्यांना या आठवड्यात गाठा, सहा महिन्यांनी नको.

सुरसागरकाठी

(शनिवार रात्र)

मिस्त्री आले. रिक्षाने, स्वतःचे पाने कापडात गुंडाळून. गाडीभोवती एक फेरी मारली, दारं एकेक उघडून बंद केली, आवाज ऐकला. मागचं डावं दार म्हणाले “गयू”, बाकी तीन ठीक. मग डावं चाक काढून ट्रनियन उघडला. आतलं ग्रीस साबणाच्या तुकड्यासारखं निघालं, पिवळट, कडक. दांडा पुसून त्यांनी माझ्या हातात दिला. आट्यांच्या वरच्या बाजूला नखभर जागा अर्धचंद्रासारखी खाल्लेली, बोट लावलं तर काळपट भुसा. विचारलं, “ग्रीस कोण भरायचं?” मी गप्प. दर दिवाळीला मीच भरायचो. मोठ्या अभिमानाने, बाबा गेल्यापासून.

म्हणजे पुराआधीची चार-पाच वर्षं मी नातवाला मागे बसवून यावर कमाटी बागेत नेत होतो.

तर ठरलं ते असं. दोन्ही दांडे आणि ट्रनियन बाहेरून मागवतोय. ब्रेक, टाकी, वायरिंग, चासीतला गाळ, हे सगळं मिस्त्रींकडे. अंदाज ६० हजार, सुटे भाग वेगळे. इंजिन फिरलं तर पुढे, नाही फिरलं तर अहमदाबादवाल्याला फोन. तो म्हणाला दिवाळीपर्यंत थांबतो, तेव्हा हिशेबनीस, तुमची संधी गेलेली नाही. गेंडीगेटताई, गाडी सोमवारी बहिणीकडून निघतेय. स्कूटीला जागा झाली.

ऑईलकाका, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

हिशेबनीस

६० म्हणजे ९० धरा. कस्टम वेगळं. पण नातू मागे होता हे वाचून मी हिशेबाची वही बाजूला ठेवली. बसलात की फोटो टाका, गाडीचा.

गेंडीगेटची सून

सोमवारी खरंच निघाली तर मानेन.

ऊसवाला जावई

टाकी धुऊन झाल्यावर तीत पेट्रोल कुठलं भरणार ते मात्र कोणीच लिहिलं नाही.

९० नंबर ऑईल

पंपावर मिळेल तेच भरतील, जावईबापू. पाइप नवे घालून.