खोळंबा धक्क्यावर नसतो, फाटकावर असतो

‘क्रेन वाढवल्या की बंदर आपोआप वेगवान होतं’ हे म्हणणं अर्धंच पटलं. १९८९ मध्ये सुरू झालेलं मुंबईजवळचं न्हावाशेवा बंदर घ्या. तिथल्या क्रेनला एक कंटेनर उचलून ठेवायला दोन-तीन मिनिटं पुरतात. अडतं ते फाटकाच्या अलीकडे. निर्यातीचा कंटेनर फॉर्म १३ (फाटकातून आत जायचा परवाना) शिवाय आत घेत नाहीत, आणि प्रत्येक जहाजाची कट-ऑफ, म्हणजे माल आत पोचवायची शेवटची वेळ, ठरलेली. ती हुकली की माल पुढच्या जहाजावर.

आम्ही नाशिकहून रॉटरडॅमला द्राक्षं पाठवतो. एका फेब्रुवारीत फॉर्मवर कंटेनरच्या सीलच्या नंबरातला एक आकडा चुकला (चूक आमच्याच पोराची), तेवढ्यावरून रीफर (थंड ठेवणारा कंटेनर) रात्रभर रांगेबाहेर उभा. टर्मिनलच्या आत त्याला विजेचा प्लग मिळतो, बाहेर सगळी भिस्त ट्रेलरच्या जनरेटरवर. ड्रायव्हर दर तासाला खाली उतरून टॉर्चच्या उजेडात तापमानाचा आकडा बघायचा, फोटो धाडायचा, ०.५ अंश दिसलं की आमच्या जिवात जीव. पहाटे त्याने कुठूनतरी कॅनमधून डिझेल पैदा केलं म्हणून माल वाचला. कट-ऑफ मात्र गेलीच. पुढचं जहाज आठवड्याने, आणि मधल्या दिवसांचं प्लगचं भाडं वेगळं.